जुन्या यंत्राची नाडीपरीक्षा

घोड्याच्या तोंडांत हात घालून दांत पाहिल्याखेरीज सौदा करूं नये, हा शहाणपणा आपल्याकडे शालिहोत्राइतका जुना आहे. परंतु ज्या दिवशीं घेणारा दांत पाहूं लागला, त्या दिवसापासून विकणाराहि दांतांकडे पाहूं लागला असला पाहिजे. घोड्याच्या पुढच्या दांतांवर तारुण्यांत जे खळगे असतात ते वयाबरोबर झिजत जातात व सातआठ वर्षांच्या सुमारास दिसेनासे होतात. तेव्हां इंग्लंडांतील कांहीं दलालांनीं म्हाताऱ्या जनावराच्या दांतांत कोरणीनें नवे खळगे पाडून ते तापल्या सळईनें काळे करण्याची युक्ति काढली. तिला इंग्रजींत 'बिशपिंग' असें नांवहि पडलें. पुढें घोडा गेला आणि मोटार आली. दांतांच्या जागीं मैल मोजणारीं चक्रें आलीं, आणि दलालाची कोरणी त्या चक्रांकडे वळली. लबाडीनें धनी बदलला, धंदा बदलला नाहीं.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्याचें कारण अगदीं घरगुती आहे. २०१९ च्या वसंतांत कांहीं जुनीं दप्तरें चाळण्याच्या निमित्तानें मी ऑक्सफर्डास राहत होतों. तेथून फार दूर नाहीं अशा एका गांवीं माझे एक बालमित्र तीस वर्षें डॉक्टरी करीत होते, मूळचे सांगलीकडचे. विलायतेंत आल्या वर्षींच त्यांनीं रस्त्यानें जातांना उघड्या टपाची, लांब नाकाची, दोनच माणसें बसतील अशी एक तांबडी मोटार पाहिली होती, आणि तेव्हांपासून 'कधीं तरी' या दोन शब्दांच्या आडोशाला ती त्यांच्या मनांत उभी होती. मुलें मार्गास लागलीं, घराचें कर्ज फिटलें, आणि एके दिवशीं त्यांनीं मला कळविलें कीं १९६७ सालची एक एम्.जी.बी. एका विधवा बाईंकडे विकाऊ आहे, ती पाहावयास येतां का? "कागद तुम्ही पाहा, यंत्र मिस्त्री पाहील, आणि मी नुसता उभा राहीन," असें ते म्हणाले. इतिहासाच्या प्राध्यापकास बाजारांत एवढाहि मान क्वचित् मिळतो, मी गेलों.

एम्.जी. हीं अक्षरें मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डांतील संस्थेच्या नांवाचीं. विल्यम मॉरिस, म्हणजे पुढें लॉर्ड नफील्ड झालेला उद्योगपति, हा तिचा धनी. आणि सेसिल किंबर हा तिचा व्यवस्थापक. किंबरनें १९२० नंतरच्या दशकांत धन्याच्या साध्या गाड्यांवर हलक्या व देखण्या पेट्या चढवून विकण्यास आरंभ केला. १९२९ सालीं कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं गेला आणि १९८० च्या ऑक्टोबरांत बंद होईपर्यंत तेथेंच राहिला. किंबरला मात्र १९४१ सालींच तेथून बाहेर पडावें लागलें, व १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या आगगाडीच्या अपघातांत त्याचा अंत झाला. म्हणजे युद्धानंतर ज्या टी.सी. गाडीनें अमेरिकेंतील तरुणांस वेड लावलें तिचें यश त्यानें पाहिलें नाहीं. तिच्या अवघ्या दहा हजारांच्या आसपास प्रति निघाल्या. तिच्या मागून आलेली एम्.जी.ए. लाखावर गेली, आणि १९६२ त निघालेली एम्.जी.बी. अठरा वर्षांत पांच लाखांवर गेली. आज आपल्या रस्त्यांवर याच अक्षरांच्या गाड्या दिसतात, त्या गुजराथेंतील हालोल येथें तयार होतात व नांवाची मालकी चिनी कंपनीकडे आहे. कुळाचें नांव चालतें, रक्त चालतेंच असें नाहीं.

या गाड्यांचा खरा इतिहास त्यांच्या पेटीखालीं आहे. बाहेरून राजपुत्राचा थाट. आंत मात्र शेतकऱ्याचें काळीज. एम्.जी.ए. व एम्.जी.बी. यांत बसविलेलें 'बी-सीरीज' एंजिन हें मुळांत ऑस्टिन व मॉरिस यांच्या संसारी गाड्यांसाठीं घडविलेलें. वाचकांस तें अपरिचित वाटण्याचें कारण नाहीं. १४८९ घनसेंटिमीटरांचें हेंच एंजिन १९५९ पासून हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्यें बसूं लागलें आणि दोन पिढ्या आपल्या मामलेदारांना, मंत्र्यांना व लग्नाच्या वऱ्हाडांना त्यानेंच वाहून नेलें. एम्.जी.बी.चें एंजिन त्याचाच मोठा भाऊ, १७९८ घनसेंटिमीटरांचा. आरंभीं त्याचा मुख्य दांडा तीन बेअरिंगांवर फिरे. १९६४ च्या अखेरीपासून तो पांचांवर फिरूं लागला, आणि हें पांच बेअरिंगांचें एंजिन नीट तेल मिळालें तर लाख मैलांची मजल सहज मारतें, असा त्याचा लौकिक आहे. लौकिक हा शब्द मी मुद्दाम वापरतों. विकत घ्यावयाचें असतें तें एक विशिष्ट एंजिन. लौकिक असतो जातीचा.

आम्हांबरोबर आलेला मिस्त्री तरुणपणीं अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यांतच कामाला होता. कारखाना बंद झाल्यावर त्यानें याच गाड्या दुरुस्त करण्यावर जन्म काढला. बाईंच्या दारीं पोंचतांच त्यानें नमस्कार-चमत्कार डॉक्टरांवर सोंपवून प्रथम एंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. झाकण ऊन होतें. डॉक्टरांनीं माझ्याकडे पाहिलें. त्यांच्या मुद्रेवरची शंका मला स्पष्ट वाचतां आली. थंड एंजिन हें भल्या पहांटे उठविलेल्या माणसासारखें असतें. त्याला सोंग आणतां येत नाहीं. झडपांच्या नळ्यांतून रात्रभर झिरपलेलें तेल पहिल्या धक्क्यास निळ्या धुरानें बाहेर पडतें. बेअरिंग झिजलें असेल तर तेल चढेपर्यंतच्या दोन क्षणांत खालून ठोके ऐकूं येतात. विकणारा आधींच एंजिन तापवून ठेवतो तो हे दोन क्षण लपविण्यासाठीं. बाईंना मात्र या गोष्टीची दादहि नव्हती. "पाहुणे यावयाचे असले कीं माझे यजमान गाडी तापवून ठेवीत," एवढेंच त्या म्हणाल्या. मिस्त्रीनें घड्याळ पाहिलें आणि आपण दुपारीं चार वाजतां पुन्हां येऊं असें सांगितलें.

मधले पांच तास मला कागदांसाठीं मिळाले. तेहि मला पुरले नाहींत, कारण मन वारंवार कॉर्नवॉलकडे जात होतें. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें बाहेरून ओळखण्याची विद्या शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेंतून निघाली असें आपण समजतों. परंतु तिचा उगम बराचसा घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या अविश्वासांत आहे. जेम्स वॉट व मॅथ्यू बोल्टन यांची भागी १७७५ सालीं झाली. कॉर्नवॉलच्या खाणींतून पाणी उपसण्यास त्यांचीं वाफेचीं एंजिनें लागत. तेथें कोळसा नव्हता, तो वेल्समधून जहाजानें आणावा लागे. जुन्या न्यूकोमेन-पद्धतीच्या एंजिनापेक्षां जो कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा आम्हांस द्यावा, असा वॉट-बोल्टन यांचा करार असे. आतां वांचलेला कोळसा मोजावयाचा कसा? खाणवाला म्हणणार, एंजिन फार चाललेंच नाहीं. वॉट म्हणणार, चाललें. म्हणून एंजिनाच्या तुळईवर फेरे मोजणारें एक यंत्र कुलुपबंद पेटींत बसविण्यांत आलें, व किल्ली कंपनीकडे राहिली. आजच्या मोटारीवरील मैल मोजणाऱ्या चक्रांचा हा पूर्वज! त्यास कुलूप होतें, कारण किल्ली दुसऱ्याकडे असती तर काय झालें असतें तें वॉटला ठाऊक होतें. इतकें करूनहि १७९० नंतरच्या दशकांत पेटंटावरून खटले माजले, ते निराळेच.

फेरे मोजल्यानें एंजिन किती चाललें हें कळलें. तें कसें चालतें हें कळलें नाहीं. त्यासाठीं वॉटचा मदतनीस जॉन सदर्न यानें १७९६ सालीं 'इंडिकेटर' नांवाच्या उपकरणास त्याचें खरें रूप दिलें. एंजिनाच्या मोठ्या नळकांड्यास एक चिमुकलें नळकांडें जोडावयाचें, त्यांतील दट्ट्यावर कमान, दट्ट्यास पेन्सिल, आणि एंजिनाच्या चालीबरोबर मागेंपुढें सरकणाऱ्या फळीवर कागद. वाफेचा दाब वाढला-उतरला कीं पेन्सिल वरखालीं होई आणि कागदावर एक वळसा उमटे. वळशाच्या आंतलें क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यांत झालेलें काम. झडप उशिरा उघडली तर वळशाचा एक कोपरा बसका होई. पोलादी भिंतीच्या आंतली गोष्ट एंजिनानें स्वतःच्या हातानें लिहून द्यावी, असा हा चमत्कार होता. आणि वॉटच्या मंडळींनीं तो कित्येक वर्षें धंद्याचें गुपित म्हणून दडवून ठेवला. छापील वर्णन प्रसिद्ध व्हावयास १८२२ साल उजाडलें. ज्ञानाचीं दारें उघडण्यापूर्वीं तीं बंद करून पैसा मिळवितां येतो कीं काय हें माणूस नेहमींच पाहून घेतो.

कागदांकडे वळतों. बाईंनीं एक जाड लखोटा व एक वही माझ्या हातीं दिली. लखोट्यांत पहिल्या मालकापासूनची नोंदणी होती. तींत एंजिनाचा जो क्रमांक होता, तोच एंजिनाला खिळलेल्या लहानशा पत्र्यावरहि होता, व तो '१८ जी.बी.' या अक्षरांनीं, म्हणजे पांच बेअरिंगांच्या पहिल्या पिढीच्या खुणेनें, सुरू होत होता. क्रमांक जुळल्यानें गाडीची किंमत वाढते. इतिहासाच्या विद्यार्थ्यास यांत अल्लाउद्दीन खिलजीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्याच्या स्वारांनीं पाहणीच्या वेळीं एक घोडा दाखवावा व लढाईस दुसरें हाडकुळें तट्टू आणावें, म्हणून त्यानें घोड्यांस डाग देण्याची वहिवाट पाडली. पुढें अकबरानें तीच चालविली. एंजिनावरचा क्रमांक हा मोटारीचा डाग आहे. फरक इतकाच कीं घोड्याच्या कातडीवरचा डाग पुसतां येत नाहीं आणि हा पत्रा दोन खिळ्यांवर आहे. तेव्हां कारखान्याच्या मूळ दप्तराशीं तो ताडून पाहावा लागतो. तीं दप्तरें आज गेडन येथील मोटारींच्या संग्रहालयांत सांभाळून ठेवलेलीं आहेत व तेथून दाखला मिळतो. बाईंच्या यजमानांनीं तो आणवून ठेवला होता.

वही त्याहून बोलकी होती. तीस वर्षांचा हिशेब पेन्सिलीनें लिहिलेला: तेल केव्हां बदललें, प्लग केव्हां, पट्टा केव्हां, आणि प्रत्येक नोंदीसमोर मैल. गाडीच्या चक्रावर एकेचाळीस हजार मैल दिसत होते. परंतु तें चक्र पांच आंकड्यांचें. लाख भरले कीं पुन्हां शून्यावर येतें. वहींत तो दिवसहि नोंदलेला होता. म्हणजे गाडी एक लक्ष एकेचाळीस हजार मैल चाललेली. एखाद्या दलालानें ती वही चुलींत घातली असती, आणि चक्रास हात न लावतांच तें खोटें बोललें असतें. इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यानें व्यापाऱ्यांनीं मैल फिरविणें हा गुन्हा ठरला. पण आपोआप फिरलेल्या मैलांविषयीं मौन पाळणें ही त्याहून सूक्ष्म कला आहे. वहीच्या शेवटच्या तीन पानांवर मला एक गोष्ट आढळली: झडपांची फट तपासल्याची नोंद चार वर्षें नव्हती. अक्षर कांपरें होत गेलें होतें. मीं तें पान दुमडून ठेवलें.

चार वाजतां एंजिन पूर्ण थंड होतें. मिस्त्रीनें पहिल्यानें तेलाची कांडी ओढून तेल बोटांत चोळलें. टांकीच्या झांकणाखालीं साय तर नाहीं ना, म्हणजे पाणी तेलांत शिरलेलें नाहीं ना, हें पाहिलें. मग डॉक्टरांस एंजिन सुरू करावयास सांगून आपण मागें धुराच्या नळीपाशीं जाऊन बसला. निळ्या धुराचा एकच झोत आला व विरला. धुराचे रंग हें या परीक्षेचें पहिलें प्रकरण: काळा म्हणजे पेट्रोल फार, पांढरा आणि न विरणारा म्हणजे पाणी, निळा म्हणजे तेल. निळा धूर गाडी जोरांत हांकतांना येत असेल तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या; उतारावर पाय काढून पुन्हां दाबतांना येत असेल तर झडपांच्या नळ्या. हा दुसरा प्रकार होता, व त्यास मिस्त्री आजार मानीतच नव्हता. गाडी हिंडवून आणली. तापल्यावर चालतींत तेलाचा दाब चौरस इंचास साठ पौंड, उभ्यानें मंद गतींत वीस. या एंजिनास हे आंकडे उत्तम. पण आंकडा जातीवांचून निरर्थक असतो. १९४८ च्या जॅग्वार एक्स्.के. एंजिनास तीन हजार फेऱ्यांवर चाळीस पौंड दाब असला तर त्याचा मालक निश्चिंत झोंपतो. तोच आंकडा येथें असता तर आम्हीं काळजीनें एकमेकांकडे पाहिलें असतें. वैद्यानें बालकाची व वृद्धाची नाडी एका मापानें मोजूं नये, तसेंच हें.

मग त्यानें एक लांब लांकडी दांडी काढली, तिचें एक टोक एंजिनास व दुसरें कानास लावलें, आणि डोळे मिटले. लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर ठेवून ज्या विद्येचा आरंभ केला, तीच ही. माझे डॉक्टरमित्र त्या म्हाताऱ्याकडे ज्या आदरानें पाहत होते त्यांत व्यवसायबंधुत्व होतें. मला स्वतःला तो आवाज ओळखीचा वाटला. लहानपणीं कोल्हापूरच्या स्थानकाबाहेर ओळीनें उभ्या असलेल्या टॅक्सींचा तोच तो टकटक करणारा सूर. पण या गाडीचा सूर त्याहून मऊ होता, व तो मला गुणच वाटला. मिस्त्रीनें डोळे उघडले आणि तो म्हणाला, "फार शांत आहे. मला हें आवडत नाहीं."

पुढील अर्धा तास मी विसरणार नाहीं. चारहि प्लग काढले. एकेका भोकांत दाबमापक बसवून, पेट्रोलचा पायटा पूर्ण दाबून, बॅटरीवर एंजिन पांचसहा फेरे फिरविलें. पहिल्या सिलिंडरांत चौरस इंचास १५५ पौंड दाब आला; दुसऱ्यांत १५०; चौथ्यांत १५०; आणि तिसऱ्यांत ८५. डॉक्टरांचा चेहरा उतरला. बाईंनीं दारांतूनच म्हटलें कीं पंधरा दिवसांपूर्वीं आलेल्या एका व्यापाऱ्यानेंहि हेंच सांगितलें होतें. एंजिन गेलें आहे, निम्मी किंमत देतों, असें तो म्हणाला. आणि डॉक्टर भले गृहस्थ दिसतात तेव्हां त्यांनाहि निम्म्यांतच द्यावी असें त्यांनीं ठरविलें होतें.

मिस्त्रीनें उत्तर दिलें नाहीं. त्यानें तिसऱ्या भोकांत चमचाभर तेल ओतून पुन्हां दाब पाहिला. ही कसोटी फार जुनी आणि फार सुंदर आहे. कड्या झिजल्या असतील तर तेल त्यांच्या फटी बुजवितें व दाब एकदम चढतो. झडप गळत असेल तर तेलाचा तेथें उपयोग होत नाहीं. शेजारशेजारचीं दोन सिलिंडरें सारखींच दुबळीं निघालीं तर दोहोंमधल्या गॅस्केटाकडे बोट जातें. येथें दाब ८५ चा ९० झाला. म्हणजे दोष झडपेंत. वरचें झाकण काढल्यावर पांचवी झडप, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची धूर सोडणारी, तपासली. दांड्याच्या टोकाशीं जी पंधरा सहस्रांश इंचांची फट असावयास पाहिजे तेथें कागदहि शिरेना. फट असते म्हणून टकटक होते. फट नाहींशी झाली म्हणून एंजिन शांत झालें होतें, आणि झडप तापल्यावर पूर्ण मिटत नव्हती.

फट कां गेली, हा पुन्हां इतिहासाचाच प्रश्न आहे. १९२१ च्या डिसेंबरांत टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञास असें आढळलें कीं पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग घातलें असतां एंजिनाचें खडखडणें थांबतें. १९२३ पासून तें विकूं लागले. या शिशाचा थर झडपांच्या बैठकींवर बसून त्यांना मऊ उशी मिळे, हा न मागतां मिळालेला लाभ; आणि बी-सीरीज एंजिनाचें बिडाचें माथें त्या उशीच्या भरंवशावरच घडविलेलें होतें. शिसें विषारी, मुलांच्या मेंदूस घातक. म्हणून तें गेलें हें योग्यच झालें. ब्रिटनमध्यें १९९९ च्या अखेरीस त्याची सर्वसाधारण विक्री संपली, आपल्याकडेहि २००० सालींच. परंतु तेव्हांपासून जुन्या एंजिनांच्या झडपा आपल्या बैठकींत हळूहळू रुतूं लागल्या. जितकी झडप रुते तितकी फट कमी होते. यावर कठीण पोलादाच्या नव्या बैठकी बसविण्याचा उपाय आहे. तोंपर्यंत फट वारंवार तपासावी लागते. वहींतील चार वर्षें मला आठवलीं.

मिस्त्रीनें एंजिन हातानें फिरवून चौथी झडप पूर्ण उघडी केली व मग पांचवीची फट बसविली. आठ झडपांच्या या एंजिनांत उघडलेल्या व बसवावयाच्या झडपांच्या क्रमांकांची बेरीज नऊ यावी लागते. ही खूण आपल्याकडील अँबॅसडरच्या मिस्त्र्यांनाहि पाठ असे. पुन्हां दाब पाहिला: १४०.

आतां प्रश्न यंत्राचा उरला नव्हता. आम्ही तिघे फाटकाबाहेर गल्लींत आलों. डॉक्टर गप्प होते. बाईंनीं स्वतःच्या तोंडानें निम्मी किंमत सांगितली होती, आणि ती ज्या समजुतीवर सांगितली ती समजूत पांच मिनिटांपूर्वीं खोटी ठरली होती. हें त्यांना ठाऊक नव्हतें, आम्हांस होतें. कायदा आमच्या बाजूस होता. इंग्लंडचा १८९३ चा मालविक्रीचा कायदा ज्या मॅकेंझी चामर्स यानें रचला, तो पुढें हिंदुस्थानांत व्हाइसरॉयच्या मंडळाचा कायदेमंत्रीहि होता. आणि त्याच धर्तीवर आपला १९३० चा कायदा झाला. घेणाऱ्यानें आपला माल आपण पारखून घ्यावा, हें दोहोंचें मूळ सूत्र. खाजगी विक्रींत विकणारा दोष सांगण्यास बांधलेला नाहीं. मग घेणारा गुण सांगण्यास तरी कसा बांधलेला असेल?

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तीन नियतकालिकांनीं तो परत केला होता. पुढें २००१ सालीं त्याला जें नोबेल पारितोषिक मिळालें त्यांत या निबंधाचा वांटा मोठा. त्यांत आपल्याकडील सावकारीचेंहि उदाहरण आहे. त्याचें म्हणणें असें: विकणाऱ्यास गाडीचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीस दोषी धरूनच किंमत बोलतो, त्या किंमतीस चांगली गाडी कोणी विकीत नाहीं, आणि बाजारांत वाईटच उरतात. एम्.जी.च्या इतिहासांतच याचा दाखला आहे. १९५८ सालीं कारखान्यानें एम्.जी.ए.वर 'ट्विन कॅम' नांवाचें तेजस्वी एंजिन बसविलें. त्याचे दट्टे जळूं लागले. संकोचाचें प्रमाण उतरविलें गेलें तरी बदनामी उतरली नाहीं, आणि १९६० त २,१११ गाड्यांवर हा नमुना बंद पडला. कित्येक मालकांनीं निर्दोष एंजिनें काढून साधीं बसविलीं, कारण जळलेल्या दट्ट्यांबरोबर न जळलेलेहि विकले जाईनात. कार्ब्युरेटर थरथरल्यानें पेट्रोलास फेंस येऊन मिश्रण विरळ होई, हें कारण पुढें ध्यानांत आलें; तोंवर फार उशीर झाला होता. आज तीच गाडी आपल्या साध्या बहिणींहून महाग आहे.

पण अकेरलॉफच्या निबंधांत विकणारा शहाणा व घेणारा आंधळा असतो. आमच्या गल्लींत पारडें उलटें झुकलें होतें, आणि त्याविषयीं निबंधांत कांहीं सांगितलेलें नव्हतें. डॉक्टर अखेर म्हणाले, "रोग्याच्या नातेवाइकांना निदान न सांगतां फी घेतां येते का, हें मी विचारतों आहें." मीं उत्तर देण्यापूर्वींच आमच्या ध्यानांत आलें कीं मिस्त्री आमच्याबरोबर नाहीं. तो हत्यारें आणावयास म्हणून मागें वळला होता. आम्ही फाटकांतून आंत पाहिलें तों तो चिंधीला हात पुशीत बाईंशीं बोलत होता. "तुमच्या गाडीस कांहीं झालेलें नाहीं, बाई. यजमानांच्या हातून एक काम राहून गेलें होतें, एवढेंच." बाई एकदम खुर्चीवर बसल्या. गाडीच्या बातमीनें नव्हे, हें उघड होतें.

खरें सांगावयाचें तर डॉक्टर त्या क्षणीं मिस्त्रीवर थोडे रागावले. निर्णय त्यांच्या हातून घेतला गेला होता, आणि त्यांनीं तो कसा घेतला असता हें आतां त्यांनाहि कधीं कळणार नव्हतें. परत येतांना मोटारींत फारसें कोणी बोललें नाहीं. सौदा पाऊण किंमतीस ठरला. बाईंनीं वही द्यावयास आधीं नकार दिला, मग दिली.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला डॉक्टरांचें पत्र आलें. तिसऱ्या सिलिंडरचा दाब पुन्हां उतरला होता. माथें उतरविलें तेव्हां पांचव्या झडपेची बैठक चांगलीच रुतलेली सांपडली, व आठहि झडपा आणि चार नव्या कठीण बैठकी यांचा खर्च त्यांना बराच आला. तो व्यापारी सर्वस्वीं खोटें बोलला नव्हता, आणि मिस्त्रीहि सर्वस्वीं खरें बोलला नव्हता. बिल मिस्त्रीनेंच केलें. वहींत आतां डॉक्टरांच्या अक्षरांत नोंदी आहेत. मोडींत नव्हे, पण इंग्रजींतहि नव्हे. पहिली नोंद त्या दिवसाची: १५५, १५०, ८५, १५०, आणि ८५ वर एक आडवी रेघ मारून पुढें १४०.